कर्णाबाईचा डबा

म्हातारीला देवानं घशात कर्णा बसवून पाठवलं होतं. घरात नुसतं "पाणी आण गं" म्हणाली तरी तिसऱ्या घरातली बाई हंड्याकडे धावायची. म्हणून सगळे तिला कर्णाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. पण तिला ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

त्या आवाजाचं खरं काम असायचं पुलावर. नदीच्या अलीकडे घरं, पलीकडे डोंगर, आणि मधे झुलता पूल. दोन लोखंडी दोर अन् त्यावर लाकडी फळ्या. ऊन तापायला लागलं की मेंढरं पलीकडे डोंगरावर चरायला जायची आणि गारठा पडला की परत यायची. आता मेंढराला पूल म्हणजे यमाचं दार. खाली पाणी खळाळतंय, पायाखाली फळी हलतेय, कोण पुढं होणार? मागून ढकला, कुत्री सोडा, शिव्या द्या, एक हलायचं नाही. मग म्हातारी समोरच्या टोकाला उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि हाळी द्यायची, "हुर्रर्र, येऽ येऽ येऽऽ!"

ती हाळी ऐकली की पुढारीण कान उचलायची. पुढारीण म्हणजे कळपातली थोरली मेंढी, एक कान फाटलेली. तिनं पहिल्या फळीवर पाय टाकला की बाकीची डोळे मिटून मागं. पुढाऱ्यामागं जनता जाते तशीच.

सुनेनंही लग्न झाल्यापासून ही हाळी कितीदा मारून बघितली होती. मेंढरं एकदा वर बघायची आणि परत गवतात तोंड घालायची.

"तुझा आवाज पाहुण्याला जेवायला बोलावल्यासारखा येतो," नवरा म्हणायचा. "त्यात धाक नाही."

"धाक तुमच्या आईनं सगळा वापरून टाकलाय. उरलाय कुठं?"

म्हातारीची दुसरी सत्ता म्हणजे तिचा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण चेपलेलं, उघडताना टण् करून वाजायचा. त्यात उरल्यासुरल्या गोळ्या. माणसांच्या, मेंढरांच्या, सगळ्या एकाच घरात नांदत होत्या. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, ती रंगावरून ओळखायची. लाल-पिवळी खोकल्याची. पांढरी लांबडी जनावराची, पण ताप हटत नसेल तर अर्धी माणसालाही. आणि औषधाचा नियम एकच, मेंढरांवरून शिकलेला. मेंढरू आडवं पडलं की औषध द्यायचं. उठून उभं राहिलं, गवताला तोंड लावलं, की बंद. उरलेलं पुढच्या मेंढरासाठी.

"उभं राहिलं की औषध बंद," ती सांगायची. "उभ्या जनावराला औषध पाजणं म्हणजे भरल्या रांजणात पाणी ओतणं."

घरातल्या माणसांनाही तोच नियम. शेजारपाजारच्यांनाही तोच. कुणाला शिंक आली तरी माणसं डब्यासाठी दारात यायची आणि म्हातारी राणीसारखी झाकण उघडायची.

त्या साली गारठा लवकर उतरला. डोंगरावरचं गवत एका झटक्यात करपलं, सकाळी पायाखाली काचेसारखं मोडायला लागलं. मेंढरं खाली न्यायची वेळ झाली. नेमका तेव्हाच म्हातारीला खोकला लागला.

नवीन काही नव्हतं. त्या वर्षातला तिसरा खोकला होता. दर वेळी लाल-पिवळ्या दोन-तीन गिळायच्या, अंग हलकं झालं की डबा बंद. या वेळीही तिनं तेच केलं. पण अंग काही हलकं होईना. डोंगरावरच्या दगडी खोपटात, जिथं सगळे मेंढरांसोबत राहायचे, ती लोकरीच्या घोंगडीखाली पडून होती. सुनेनं कपाळाला हात लावला.

"आई, अंग भट्टीसारखं झालंय."

"मग शेकून घे हात. फुकट आहे."

"थट्टा पुरे. खाली जाऊ या दवाखान्यात."

"आधी मेंढरं पूल उतरतील, मग मी. डबा दे इकडं."

तिनं लाल-पिवळी घेतली. संध्याकाळी पांढरीची अर्धी घेतली. सकाळी बरगडीत दाभण खुपसल्यासारखं दुखायला लागलं आणि थुंकी गंजाच्या रंगाची पडली. सुनेनं ती राखेनं झाकली.

मग एक गोष्ट झाली. कुत्रा लांब गेला होता. म्हातारीनं पडल्या पडल्याच त्याला हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. भात्याला भोक पडल्यावर येते तशी. कुत्र्यानं मान वळवली नाही. म्हातारीनं सुनेकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

"उचला यांना," सून नवऱ्याला म्हणाली. "मेंढरं बसू देत डोंगरावर."

नवऱ्यानं आईला पाठीवर घेतलं. पूल ओलांडताना म्हातारीचा श्वास त्याच्या कानात भरभर वाजत होता, धावून आलेल्या सशासारखा. अलीकडे टेम्पोवाल्याला थांबवलं. नवरा मेंढरांकडं परत गेला, सून सासूबरोबर टेम्पोत चढली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"डब्याचं दवाखान्यात बोलायचं नाही. शपथ आहे तुला. हसतील मला."

दवाखान्यात लोखंडी खाट मिळाली, हिरव्या भिंतीला लागून. नाकाला नळी लावली. डॉक्टरीण आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, बऱ्याच दिवसांत धड झोपली नसावी. छातीचा फोटो उजेडासमोर धरून म्हणाली, "न्युमोनिया आहे. उजवीकडचा खालचा भाग पार भरलाय. याआधी काही औषध दिलं?"

म्हातारीनं मान हलवली. नाही.

डॉक्टरणीनं सुनेकडं बघितलं. सुनेनं जमिनीकडं बघितलं.

इंजेक्शनं सुरू झाली. थुंकी बाटलीत घेऊन तपासायला पाठवली. सून खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. जनावर राखायची सवय, श्वासावर नजर. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या नाकपुड्या फुगायला लागल्या. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळ खड्डा पडायचा. ओठांवर जांभळी झाक आली. मरणाऱ्या मेंढीचं तोंड सुनेनं पुष्कळदा बघितलं होतं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

खाटेखाली म्हातारीचं गाठोडं होतं, आणि गाठोड्यात तो डबा. म्हातारी स्वर्गात निघाली असती तरी डबा घेऊन निघाली असती. सुनेनं वाकून गाठ सोडली. म्हातारीचे डोळे उघडे होते. बोलायला श्वास नव्हता, पण डोळ्यांनी ती म्हणत होती, खबरदार.

"शपथ माझ्या डोक्यावर," सून म्हणाली. "जे व्हायचं ते मला होऊ दे."

आणि तिनं डबा नेऊन डॉक्टरणीच्या टेबलावर आदळला. झाकण उघडलं. टण्.

डॉक्टरणीनं सगळ्या गोळ्या कागदावर ओतल्या. रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "अबब, ही तर दुकानच घेऊन आली!" दोघंतिघं हसले. सुनेचे कान तापले, पण ती हलली नाही.

डॉक्टरणीनं लाल-पिवळी उचलली. "ही कधी घेतली होती?"

"या वर्षात तीनदा. आता घेतली ती धरून."

"दर वेळी पूर्ण?"

"नाही. उभं राहिलं की बंद."

"कोण उभं राहिलं की?"

"आजारी. मेंढरू असो नाहीतर माणूस."

"आणि ही पांढरी?"

"ती मेंढरांची."

डॉक्टरणीनं पांढरी बाजूला ठेवली. सुनेला वाटलं, आता सोलून काढणार. पण ती नुसती म्हणाली, "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंत."

"शपथ घातली होती."

"शपथेनं श्वास चालत नाही हो, बाई. मी दोन दिवस जे इंजेक्शन देतेय ना, ते या लाल-पिवळीचंच थोरलं भावंड आहे. तुमच्या सासूबाईंच्या छातीतले जंतू या घराण्याला कोळून प्यायलेत. गरज असो-नसो, जरा जरा औषध दाखवून तुम्ही त्यांना तालीमच दिलीत." ती उठलीसुद्धा. "तपासणी उद्या येईल. मी थांबत नाही. औषध आत्ताच बदलते."

इंजेक्शन बदललं. सून परत पायथ्याशी बसली. म्हातारीनं तिच्याकडं बघायचं सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनंच तिला हाक मारली. "चला, तुम्हाला दाखवते." आतल्या खोलीत तपासणीवाल्यानं एक काचेची चपटी बशी पुढं केली. आत रक्तासारखा लाल थर, त्यावर मळकट साय धरल्यासारखं काहीतरी पसरलेलं, आणि मधे मधे कागदाचे पांढरे ठिपके.

"ही साय म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या छातीतले जंतू," तपासणीवाला म्हणाला. "प्रत्येक ठिपक्यात एक औषध आहे. हा ठिपका लाल-पिवळीचा."

सुनेनं डोळे बारीक करून बघितलं. साय त्या ठिपक्याच्या अगदी कडेपर्यंत आली होती. शेजारच्या ठिपक्यालाही तसंच. आणि एका ठिपक्याभोवती मात्र गोल, स्वच्छ, लालभडक रिंगण. त्यात एक कण नाही.

तिनं आयुष्यभर माळावर हेच तर बघितलं होतं. कुत्रा बांधलेला असतो. दात पडलेला कुत्रा असला तर मेंढरं त्याच्या नाकापर्यंत येऊन चरतात. आणि चावरा असला तर त्याच्याभोवती गोल रान मोकळं राहतं.

"हा चावतो," ती त्या रिंगणावर बोट ठेवत म्हणाली.

"काय?"

"हा कुत्रा चावतो. बाकीचे नुसते बांधलेत."

तपासणीवाला हसला. डॉक्टरीणही हसली, कितीतरी दिवसांनी हसल्यासारखी. "चावऱ्यालाच कालपासून सोडलाय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी म्हातारीला घाम फुटला. उशी भिजली, घोंगडी भिजली. सुनेनं अंग पुसलं, पाठ पुसली. गळ्याजवळचा खड्डा उथळ झाला होता. ओठ ओठांसारखे दिसायला लागले. दिवे लागले तेव्हा म्हातारीनं डोळे उघडून पहिलं वाक्य काढलं. फाटकं, पण वाक्य.

"माझा डबा कुठाय, चोरटे?"

सून हसली आणि त्याच तोंडानं रडली. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून सिस्टरला बोलवायला उठली.

त्यानंतर म्हातारी झपाट्यानं वर आली. चहा मागितला. चहा पाणचट आहे म्हणून सिस्टरला ऐकवलं. आणि एका सकाळी खाटेचा दांडा धरून उभी राहिली.

नेमका तेव्हाच नवरा आला. दाढी वाढलेली, ओठ गारठ्यानं फुटलेले.

"वर गवताची काडी उरलेली नाही," तो म्हणाला. "दोनदा पुलावर आणली मेंढरं. तुझ्यासारखी हाळी मारली आई, घसा फाडून मारली. पुढारीण पहिल्या फळीवर आली आणि बसली. बसून रवंथ करत होती माझ्या तोंडाकडं बघत!"

"तुझ्या बापालाही कधी जमलं नाही," म्हातारी म्हणाली. "चला. उभी राहिले मी. निघायचं."

"डॉक्टरीणबाई अजून इंजेक्शनं आहेत म्हणाल्यात," सून म्हणाली. "मग घरी गेल्यावर गोळ्या. सगळ्या."

"उभी राहिले ना? डोळे फुटले काय तुझे?"

नवराही आईच्या बाजूनं झाला. "उभी राहिलीये की गं. आपल्यात तर तसंच..."

"आपल्यात तसंच करून तर इथं आलोय!"

एवढा आवाज सुनेचा कुणी कधी ऐकला नव्हता. खोलीतल्या सगळ्या खाटांवरून माना वळल्या.

आता म्हातारीची एक आवडती गोष्ट होती, लंगड्या लांडग्याची. तरणी असताना तिनं एका लांडग्याला दगडानं लोळवलं होतं. पाय मोडला, लंगडायला लागला. तिला दया आली, सोडून दिला. दुसऱ्या साली तो परत आला. जाळाला भिईना, कुत्र्याला भिईना, तिच्या हाळीला भिईना. कोकरं उचलून नेली त्यानं, दिवसाढवळ्या. शेवटी म्हातारी म्हणायची, "लांडग्याच्या वाटेला जाऊ नये. गेलं तर पुरता मारावा. अर्धा मारलेला लांडगा शहाणा होऊन येतो." ही गोष्ट सुनेनं इतक्यांदा ऐकली होती की झोपेत सांगितली असती.

ती खाटेजवळ गेली. आवाज खाली आणला.

"आई, लांडगा आत्ता लंगडतोय. सोडायचा का?"

म्हातारी दांडा धरून उभीच राहिली. मग ती हळूच खाटेवर टेकली.

"माझंच औषध मला पाजतेस होय गं," ती म्हणाली. "बरं. पण मेंढरं?"

"मेंढरं मी बघते."

सोपं नव्हतं ते. पण मेंढरं पूल ओलांडत नसतील तर चारा ओलांडेल, एवढाच तिचा हिशोब. नदीच्या अलीकडे काठाला, शेतांच्या बांधांवर गवत होतं. सकाळी विळा घेऊन बसायची, कापायची, भारे बांधायची, डोक्यावर घेऊन पूल ओलांडायची. फळ्या दवानं निसरड्या. एका हातानं दोर धरायचा, दुसऱ्यानं भारा. मान आत जायची, खांदा सोलवटला. पलीकडून नवरा भारा उतरवून घ्यायचा, आणि पुढारीण सगळ्यांच्या आधी येऊन तोंड मारायची.

"खा बाई, खा," सून तिला म्हणायची. "तुला काय, पुढाऱ्यांना बसल्या जागी मिळतं."

संध्याकाळी टेम्पोनं दवाखान्यात. हाताला गवताचा वास, बोटांना विळ्याचे चरे. म्हातारी ती बोटं बघायची आणि मुकाट्यानं दंड पुढं करायची, सिस्टरनं इंजेक्शन द्यावं म्हणून.

घरी सोडलं तेव्हा गोळ्यांची पाकिटं बरोबर दिली. म्हातारी तक्रार करत करत प्रत्येक गोळी गिळायची. "ठणठणीत आहे मी. रांजण भरून वाहतोय. तरी ओत म्हणे!" शेवटची गोळी गिळून तिनं सुनेपुढं जीभ बाहेर काढली. "बघ. मेला का तुझा लांडगा?"

दुसऱ्या सकाळी ती पुलावर गेली.

बातमी आधीच पोचली होती. अलीकडच्या काठावर माणसं जमली. दूधवाली किटली घेऊन थांबली, टेम्पोवाल्यानं टेम्पो बंद केला. पलीकडे कळप उभा, मागं नवरा, कुत्रा, आणि भारा ठेवून मोकळी झालेली सून. म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. श्वास ओढला. आत किती जातो, कुठं अडतो, ती अंदाज घेत होती.

"हुर्रर्र, येऽ..."

आवाज चिरकला. नदीनं गिळून टाकला. पुढारिणीनं मान हलवली नाही. काठावरचं कुणी खोकलंसुद्धा नाही. पलीकडून सुनेला सासूचे खांदे खाली येताना दिसले.

मग ते खांदे परत वर गेले. या वेळी म्हातारीनं घाई केली नाही. फुप्फुसाच्या तळापासून, जिथं सगळं भरून गेलं होतं तिथून, तिनं श्वास वर आणला.

"हुर्रर्रर्र, येऽऽ येऽऽ येऽऽऽ!"

डोंगरानं ती हाळी परत फेकली. पुढारिणीचा फाटका कान उठला. दुसरा उठला. तिनं पहिल्या फळीवर पाय टाकला. मागच्या मात्र अजून घुटमळत होत्या. तेव्हा सुनेनं पदराखालून डबा काढला. तोच, चेपलेल्या झाकणाचा. गोळ्या दवाखान्यात देऊन टाकल्या होत्या, आत आता नदीतले गोटे होते. तिनं तो डोक्यावर धरून खडाखडा वाजवला, एवढ्या जोरानं की कुत्रासुद्धा दचकला. पुढून हाळी, मागून डबा. मधल्या मेंढरांना तिसरी वाटच राहिली नाही. पूल हलला, कुरकुरला, फळ्यांवर खुरांचा पाऊस पडल्यासारखा आवाज झाला, आणि सगळा कळप लोकरीच्या पुरासारखा अलीकडे उतरला. टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला. बायकांनी टाळ्या पिटल्या.

सून सगळ्यात शेवटी आली, घामानं निथळत. म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या डब्यानं जन्मात पहिल्यांदा काम केलं बघ."

तेवढ्यात दूधवाली पुढं सरकली. "मावशी, डबा आणलाच आहे तर पोराला खोकला झालाय, त्या लाल-पिवळ्यातली एक द्या की."

म्हातारीनं डबा हातात घेतला. झाकण उघडलं. टण्. आणि चांगला गुळगुळीत गोटा निवडून दूधवालीच्या तळहातावर ठेवला.

"घे. त्या गोळीनं जेवढा गुण यायचा तेवढा यानंही येईल."

दूधवालीनं गोटा उलटापालटा करून बघितला.

"अगं, पोराला आण," म्हातारी म्हणाली. "मी येते दवाखान्यात बरोबर. बाई बघतील, औषध लागतंय का नाही ते. लागलं तर देतील तेवढं सगळं संपवायचं. पोरगं उभं राहिलं, धावलं, झाडावर चढलं तरी संपवायचं. आणि नाही लागलं तर मागायचं नाही. समजलं?"

"समजलं. पण हा गोटा?"

"ठेव. घरी कुणी डबा मागायला आलं तर त्याला दे."

सगळा काठ हसला. म्हातारीही हसली. आधी गालात, मग पोट धरून, मान मागं टाकून, तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असं. सून तिच्याकडं बघत, हात तिच्या पाठीशी नेऊन उभी राहिली, जुन्या सवयीनं, आता खोकल्याची उबळ येईल म्हणून.

ती हसत राहिली. खोकला आलाच नाही.